विश्लेषण : ई-२० पेट्रोल टर्बो इंजिनाला मानवते का? मायलेज का घटते आणि धोका नेमका कोणाला?

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर असो की पुण्यातील कोथरूड, पंपावरच्या नोझलमधून आज येते ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. सुलतानपूरसारख्या गावात या एकाच पेट्रोलवर तीन पिढ्यांची वाहने धावतात. शेतात जाण्यासाठी वापरली जाणारी कार्बोरेटरची जुनी दुचाकी, दहा वर्षांपूर्वी घेतलेली साध्या इंजेक्शनची कार आणि अलीकडे दारात उभी राहिलेली टर्बो पेट्रोल एसयूव्ही. ‘अ‍ॅव्हरेज पडले’ ही तक्रार तिघांचीही असते. मात्र तिन्ही इंजिनांच्या आत घडणारी गोष्ट एक नाही. इथेनॉलमुळे इंजिन खराब होते, असे एक बाजू म्हणते. काहीच होत नाही, असे दुसरी बाजू सांगते. याचे उत्तर दडले आहे ते हवा आणि इंधन यांच्या प्रमाणात.

ई-२० पेट्रोल कसे आले?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरू झाला. २०१४ पर्यंत प्रत्यक्षातले प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. त्याच वर्षी जैवइंधन धोरणात दुरुस्ती करून २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० ऐवजी २०२५-२६ पर्यंत आणले गेले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरु येथे ई-२० इंधनाची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर हे प्रमाण गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. म्हणजे १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवरचा प्रवास जेमतेम तीन वर्षांत झाला. भारतीय कुटुंबात गाडी मात्र दहा-पंधरा वर्षे वापरली जाते. वादाचे मूळ या दोन वेगांतील फरकात आहे.

हवा-इंधन गुणोत्तर म्हणजे काय?

इंजिनात पेट्रोल एकटे जळत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. यालाच १४.७ : १ हे आदर्श गुणोत्तर म्हणतात. हवेच्या तुलनेत इंधन जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’, कमी झाले तर ‘लीन’. रिच मिश्रणात इंधन वाया जाते, धूर वाढतो, पण इंजिन थंड राहते. मिश्रण थोडे लीन असेल तर इंधन वाचते. मात्र इंजिनावर भार असताना असे मिश्रण तापमान वाढवते.

प्रत्यक्ष मिश्रण आदर्शाच्या किती जवळ आहे, हे सांगणाऱ्या आकड्याला ‘लॅम्डा’ म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे नेमके आदर्श मिश्रण, १ पेक्षा कमी म्हणजे रिच आणि जास्त म्हणजे लीन. इंधन कोणतेही असो, लॅम्डाचा अर्थ बदलत नाही.

इथेनॉल मिसळल्यावर हा आकडा का बदलतो?

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनचाच आहे. त्यामुळे ते जाळायला बाहेरची हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलचे आदर्श गुणोत्तर ९ : १ आहे. दोन्हींचे मिश्रण केले की आकडा मध्ये कुठेतरी येतो. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तो सुमारे १४.१, ई-२० साठी १३.५ आणि ८५ टक्के इथेनॉलच्या ई-८५ साठी सुमारे ९.८ आहे.

याचा सरळ अर्थ असा, की तेवढ्याच हवेसाठी आता जास्त इंधन सोडावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० वजनाने सुमारे ९ टक्के जास्त लागते, तर ई-१० च्या तुलनेत ४ टक्क्यांहून थोडे जास्त.

मायलेज घटण्याचे कारणही इथेच आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. पाचवा हिस्सा इथेनॉल असलेल्या एका लिटरमध्ये त्यामुळे ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी कमी भरते. यात इंजिनाचा दोष नाही. लिटर तेवढाच आहे, त्यातला जोर कमी झाला आहे.

गाडीला हा बदल कळतो कसा?

इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन शिल्लक आहे का, हे तो सतत पाहतो. शिल्लक असेल तर मिश्रण लीन आहे, असा निरोप इंजिनाच्या संगणकाला म्हणजे ईसीयूला जातो. ईसीयू इंजेक्टर काही अंश सेकंद जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती कायम लागते आहे असे दिसले, की ईसीयू ती लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आधीच थोडे जास्त इंधन सोडतो. तंत्रज्ञ याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात.

बहुतेक गाड्यांत ही दुरुस्ती २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्यावरच डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. ई-२० साठी लागणारी दुरुस्ती याच्या बरीच आत आहे. म्हणूनच दहा वर्षे जुनी, शाबूत सेन्सर असलेली कार ई-२० वर तक्रार न करता चालते. दिवा लागत नाही. पेट्रोलचा खर्च तेवढा वाढतो.

टर्बो इंजिन वेगळे कसे?

साधे इंजिन जेवढी हवा स्वतः ओढेल तेवढ्यावर चालते. टर्बो इंजिनात बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद मिळते ती यामुळेच. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगून आणि स्कोडा कुशाकचे एक लिटरचे इंजिन, टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे, ह्युंदाई व्हेन्यूचे एक लिटरचे पेट्रोल इंजिन ही याचीच उदाहरणे. पूर्वी महागड्या गाड्यांपुरते असलेले हे तंत्र आता मध्यमवर्गीय कारमध्ये आले आहे.

दाबलेली हवा तापते आणि सिलिंडरमधला दाबही वाढतो. अशा वेळी ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यावर उरलेले मिश्रण स्वतःहून पेटू शकते. याला ‘नॉकिंग’ म्हणतात. चालकाला ते धातूवर ठोके पडल्यासारखे ऐकू येते. सततच्या नॉकिंगने पिस्टन खराब होतो. ते टाळण्यासाठी जोराचा भार असताना ईसीयू मुद्दाम रिच मिश्रण देतो, म्हणजे लॅम्डा ०.८ ते ०.९ च्या दरम्यान नेतो. जादा इंधन सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते आणि टर्बोच्या पंख्यापर्यंत पोहोचणारे वायूही आटोक्यात राहतात. या वायूंचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते.

मग धोका कुठे आहे?

अनेक जुन्या गाड्यांतला ऑक्सिजन सेन्सर फक्त आदर्श बिंदूच्या आसपास अचूक असतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ईसीयू त्याचे ऐकणे थांबवतो आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्यावर, म्हणजे ‘मॅप’वर चालतो. हा मॅप ज्या इंधनासाठी लिहिला तेच टाकीत असेल तर अडचण नाही.

उदाहरण पाहा. शुद्ध पेट्रोल गृहीत धरून मॅपने भरधाव वेगात १२.५ : १ हे गुणोत्तर ठरवले आहे. पेट्रोलवर त्याचा लॅम्डा ०.८५ येतो, म्हणजे पुरेसा रिच. टाकीत ई-२० असेल आणि काहीच दुरुस्ती झाली नाही, तर तेच १२.५ हे १३.५ च्या तुलनेत मोजले जाते आणि लॅम्डा ०.९२ च्या पुढे जातो. मिश्रण अजूनही रिच आहे. पण उष्णतेपासून बचावासाठी राखलेली जागा निम्म्यावर आली.

समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो. कारसाठी तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात पाच प्रवासी, एसी आणि सामान घेऊन चढावर ओव्हरटेक करणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनाला नेमकी हीच राखीव जागा लागते.

तरीही मूळ स्थितीतल्या गाडीने घाबरण्याचे कारण नाही. एक तर ईसीयूने साध्या चालवण्यात शिकलेली दुरुस्ती बहुतेक गाड्यांत पूर्ण भारालाही लागू होते. दुसरे, नव्या टर्बो गाड्यांत रिच मिश्रणही मोजू शकणारे सेन्सर असतात. तिसरे कारण इथेनॉलचेच आहे.

इथेनॉल टर्बोसाठी वाईट की चांगले?

गुणधर्म पाहिले तर चांगले. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे आणि ऑक्टेन जितका जास्त तितकी नॉकिंगला दाद न देण्याची ताकद जास्त. ई-२० साठीच्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन ९५ आहे; साध्या पेट्रोलसाठी तो ९१ होता. शिवाय इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषली जाते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात हा गारवा नेमका हवा तिथे मिळतो.

जगभर शर्यतीच्या टर्बो गाड्यांत इथेनॉल आवडीने वापरले जाते ते यामुळेच. मात्र हा फायदा आपोआप मिळत नाही. ठिणगी किती आधी टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा आणि इंधन किती सोडायचे, हे तिन्ही नव्याने ठरवावे लागते. इंजिनाचा मॅप ९१ ऑक्टेनसाठी लिहिला असेल तर ९५ ऑक्टेनचा बराचसा लाभ वाया जातो आणि कमी ऊर्जेचा तोटा मात्र पदरात पडतो.

निती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातले आकडे हेच सांगतात. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, अशाच दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींचे केवळ १ ते २ टक्क्यांनी, असा त्यात अंदाज होता. इंधन एकच, पण जुळवणी झाली की तोटा एवढा कमी होतो.

जुन्या दुचाकीचे काय?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि दुचाकींत इंजेक्शन रूढ झाले. त्याआधीच्या बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर आहे. कार्बोरेटरला सेन्सर नाही, संगणक नाही. त्याच्या जेटचे छिद्र ठरलेले असते आणि त्यातून ठरावीक इंधन जाते. ई-२० आल्यावर त्याचे मिश्रण लीन होते आणि ते सुधारणारे कोणी नसते. सकाळी गाडी उशिरा चालू होणे, पिकअप मंदावणे, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बंद पडणे ही याची लक्षणे. जाणता मेकॅनिक मिश्रणाचा स्क्रू आणि गरज पडल्यास जेट बदलून यातले बरेच सुधारू शकतो.

जुन्या वाहनांत दुसरा प्रश्न रबराचा आहे. इथेनॉलला न जुळणारे पाइप, सील आणि गॅस्केट कालांतराने फुगतात किंवा कडक होतात. पेट्रोलियम मंत्रालयानेही काही जुन्या वाहनांत असे भाग लवकर बदलावे लागू शकतात, हे ऑगस्ट २०२५ मधील स्पष्टीकरणात मान्य केले आहे.

‘रीमॅप’ करून घ्यावे का?

ईसीयूचा मॅप बदलून देणारी दुकाने शहरांत वाढली आहेत. ‘ई-२० साठी ट्यूनिंग, जास्त ताकद, जास्त मायलेज’ असे आश्वासन दिले जाते. इथे मोठी गफलत होते ती आकड्यांची. बाजारात मिळणारे बहुतेक मीटर लॅम्डा मोजतात आणि त्याला १४.७ ने गुणून गुणोत्तर दाखवतात. टाकीत ई-२० असताना मिश्रण अगदी आदर्श असले तरी मीटरवर १४.७ च दिसते. खरे गुणोत्तर तेव्हा १३.५ असते. ई-२० चे आदर्श गुणोत्तर १३.५ आहे एवढेच ऐकून मीटरवर १३.५ आणणारा प्रत्यक्षात मिश्रण रिच करून पेट्रोल उधळतो. उलट, परदेशातल्या ई-८५ गाडीचा टर्बो दाब आणि ठिणगीची वेळ उचलून ई-२० वर लावणारा इंजिन धोक्यात घालतो. म्हणून ट्यूनिंग करताना गुणोत्तर नव्हे, लॅम्डा पाहायचा, हा यातला पहिला नियम आहे.

दाब वाढवला की हवा वाढते आणि त्या प्रमाणात इंधनही वाढावे लागते. ई-२० मुळे इंजेक्टर आणि पंपावरचा भार आधीच वाढलेला असतो. त्यांची क्षमता संपली की नेमक्या सर्वाधिक भाराच्या क्षणी मिश्रण लीन होते. टर्बो इंजिन जळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. शिवाय अशा बदलाने वॉरंटी जाऊ शकते आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालते.

ब्राझीलमध्ये हे कसे जमते?

इथेनॉलचा दाखला द्यायचा तर ब्राझीलचाच दिला जातो. तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे. पण तिथे २००३ पासून ‘फ्लेक्स’ गाड्या विकल्या जातात. टाकीत कोणते मिश्रण आहे हे ओळखून त्यांचा ईसीयू इंधन आणि ठिणगी दोन्ही बदलतो. पंपावर शुद्ध इथेनॉलही वेगळे आणि कमी दरात मिळते. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते परवडते, हा हिशेब तिथल्या सामान्य वाहनचालकाला पाठ असतो. गाडी जुळवून घेणारी आणि दर ऊर्जेप्रमाणे, या दोन पायांवर ती व्यवस्था उभी आहे.

भारतात फ्लेक्स गाड्यांची सुरुवात प्रात्यक्षिकांतून झाली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ई-८५ वर चालणाऱ्या टोयोटा इनोव्हाचे अनावरण केले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ची विक्री सुरू झाली. सुलतानपूरच्या वाहनधारकापुढचा पर्याय मात्र अजून एकच आहे.

खर्चाचा भार कोणावर?

महिन्याला हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी कार धरा. तिला सुमारे ६७ लिटर पेट्रोल लागते. मायलेज ६ टक्क्यांनी घटले तर महिन्याला चार लिटरहून अधिक जादा. लिटरला १०५ रुपये धरल्यास हा बोजा साडेचारशे रुपयांच्या घरात जातो. या घटीची भरपाई म्हणून ई-१० आणि ई-२० वर करसवलतीचा विचार व्हावा, असे निती आयोगाच्या त्याच अहवालात सुचवले होते. पंपावरचा दर मात्र इथेनॉलच्या प्रमाणानुसार कमी झाला नाही. इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत जुलै २०२५ अखेर लिटरला ७१.३२ रुपये होती आणि ती शुद्ध पेट्रोलच्या उत्पादन खर्चाहून जास्त असल्याचे मंत्रालयाचे म्हणणे आहे.

दुसरी बाजूही बुलढाण्याचीच आहे. जिल्ह्यात सोयाबीन, कापूस, तुरीसोबत मकाही पिकतो आणि मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्यांचा दर लिटरला ७१.८६ रुपये ठरला आहे. एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते. त्यातून १९० लिटर ई-२० तयार होते. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या कार्यक्रमाने १.४४ लाख कोटी रुपयांचे परकीय चलन वाचवल्याचा सरकारचा दावा आहे. लाभ देशाचा आणि शेतकऱ्याचा असेल, तर मायलेजचा तोटा एकट्या जुन्या गाडीवाल्याने का सोसावा, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो. कारण सुलतानपुरात मका पिकवणारा आणि जुनी गाडी चालवणारा हा बऱ्याचदा एकच माणूस असतो. ई-२० सोबत इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

वाहनधारकांनी काय करावे?

टाकीच्या झाकणाजवळ किंवा माहितीपुस्तिकेत ई-१० की ई-२० लिहिले आहे ते पाहावे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालणारे आहेत. जुन्या गाडीचे इंधनाचे पाइप आणि सील प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत. टर्बो गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ठोके ऐकू आले किंवा ‘चेक इंजिन’ दिवा लागला तर सेवा केंद्रात ‘फ्युएल ट्रिम’ किती आहे ते विचारावे. साध्या स्कॅनरवर हा आकडा दिसतो. तो सतत १५-२० टक्क्यांच्या वर असेल तर दोष इथेनॉलचा नसून सेन्सर, इंजेक्टर किंवा पंपाचा असण्याची शक्यता जास्त. अधिकृत सेवा केंद्राकडे कंपनीचे नवे सॉफ्टवेअर आले आहे का, याचीही चौकशी करावी.

पावसाळ्यात टाकी फार काळ अर्धी रिकामी ठेवू नये. इथेनॉल ओलावा धरते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसते आणि पंप नेमके तेच ओढतो. ई-२० मुळे विमा रद्द होतो ही अफवा आहे. मंत्रालयाने तसे स्पष्ट केले आहे. आणि मायलेजचा वाद सोडवायचा तर अंदाजावर न जाता सलग तीन वेळा टाकी पूर्ण भरून किलोमीटर आणि लिटर वहीत लिहून ठेवावेत. घट ५-६ टक्क्यांच्या आत असेल तर ती इंधनाची; त्याहून बरीच जास्त असेल तर गाडी मेकॅनिककडे न्यायची वेळ आली आहे.